चिरंजिवांची मोटार

मोटार या वस्तूशी आमचा आजवरचा संबंध तिच्या चाकांनी उडविलेल्या धुळीपुरताच होता, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. १९७४ साली आम्ही जुन्या अकरावीची मॅट्रिक झालो, वाईस राहून थोडे व्याकरण व तर्कसंग्रह घोकला, आणि पुढे पस्तीस वर्षांहून अधिक काळ मुलांच्या कानी विभक्त्या आणि समास घातले. हा सारा संसार सायकलीवर झाला. तेव्हा आम्ही एका मोटारीविषयी, आणि तीही अमेरिकेतल्या मोटारीविषयी, लेखणी उचलावी याचे वाचकांस नवल वाटेल. आमचे आम्हांसही वाटते. पण २०२४ सालच्या उन्हाळ्यात आम्ही उभयता सहा महिने चिरंजिवांकडे जाऊन राहिलो, आणि त्या मुक्कामात काय काय पाहिले असे कोणी विचारील तर नायगाऱ्याच्याही आधी चिरंजिवांच्या मोटारघराचेच नाव आम्हांस घ्यावे लागेल.

चिरंजीव डेट्रॉईट शहराच्या उत्तरेस एका उपनगरात राहतात. आम्ही मे महिन्याच्या आरंभी तेथे पोहोचलो तेव्हा पहिली गोष्ट दृष्टीस पडली ती अशी की, ज्या मोटारीने त्यांनी आम्हांस विमानतळावरून आणले ती चांगली नवी मोटार त्यांनी बाहेर पावसात उभी केली. मोटारघराचे दार वर गेले तेव्हा आत दुसरीच एक मोटार, अंगावर चादर पांघरून, ऐसपैस पहुडलेली. "ही कोण?" असे आमच्या सौभाग्यवतींनी विचारले. सूनबाई हसून म्हणाल्या, "आई, ही माझी सवत. तीन वर्षं झाली, उत्पन्नातला चौथा हिस्सा हिचाच."

चादर काढल्यावर जे दिसले ते वर्णन करणे आम्हांस अवघड आहे. सतरा फुटांहून लांब, दोनच दारांची, गडद निळ्या रंगाची, पुढचे दिवे एकावर एक रचलेले. नाव पॉन्टियॅक जीटीओ, जन्म १९६६ सालचा. म्हणजे आमच्याहून आठ वर्षांनी धाकटी. या जातीच्या मोटारींना तिकडे 'मसल कार' म्हणतात. आम्ही त्याचे भाषांतर 'स्नायुमोटार' असे केले. ते कोणासच रुचले नाही. मग 'मल्लमोटार' असे सुचविले, आणि ते नाव घरात रूढ झाले. अर्थही तोच आहे. मध्यम बांध्याची साधी घरगुती मोटार घ्यावयाची आणि तिच्या पोटात मोठ्या मोटारीचे इंजिन बसवावयाचे, म्हणजे ती पहिलवानासारखी उसळते. या मोटारीचे इंजिन आठ सिलिंडरांचे, ३८९ घनइंचांचे, आपल्या हिशेबाने जवळजवळ साडेसहा लिटरचे आहे. शक्ती कारखान्याने ३३५ अश्वांची सांगितली होती. पेट्रोल ती इतके पिते की एका लिटरात पाच किलोमीटर गेली तर तो दिवस चांगला म्हणावयाचा.

या मोटारीच्या जन्माची कथा आम्हांस फार आवडली, कारण तीत पळवाट आहे, आणि पळवाटा ओळखण्यात शिक्षकाचे आयुष्य जाते. जनरल मोटर्स या मूळ कंपनीचा त्या वेळी असा दंडक होता की, मध्यम मोटारीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन घालावयाचे नाही. पॉन्टियॅक शाखेचे मुख्य अभियंते जॉन डेलोरियन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६४ सालच्या मोटारींत युक्ती केली. त्यांनी नवी मोटार म्हणून जीटीओ काढलीच नाही. 'टेम्पेस्ट ल मान्स' या साध्या मोटारीबरोबर ग्राहकाने मागितल्यास मिळणारे जादा सामान म्हणून त्यांनी ३८९ चे इंजिन यादीत घातले. नियम मोटारीला होता. जादा सामानाला नव्हता! पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० मोटारी खपल्या, आणि मग वरिष्ठांनी दंडकाकडे काणाडोळा केला. १९६६ साली जीटीओ स्वतंत्र मोटार झाली व त्या वर्षी ९६,९४६ खपल्या. तो तिचा उच्चांक. नावही इटलीच्या फेरारीवरून उचललेले. पुढे विम्याचे हप्ते वाढले, धुराचे कायदे आले, १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेल रोखले, आणि मल्लांचे दिवस संपले. पॉन्टियॅक हे नाव तर २०१० पर्यंतच टिकले.

चिरंजिवांची मोटार शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांची. वय वर्षे ऐंशी. पॉन्टियॅक नावाच्याच गावी, त्याच कारखान्यात, अठराव्या वर्षापासून कामाला होते. मोटारींच्या मागच्या काचा बसविणे हे त्यांचे काम. बावीसाव्या वर्षी साठविलेल्या पगारातून ही मोटार त्यांनी घेतली. "हिची मागची काच मीच बसवली असेन, नसेनही," असे ते प्रत्येक वेळी सांगत. १९७९ पासून ती त्यांच्या घरी धूळ खात पडली होती. चारपाच वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी अधू होऊ लागली, इतकी की समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी त्यांना नुसता करडा डाग दिसतो. तेव्हा त्यांनी ती चिरंजिवांना अगदी अल्प किमतीत दिली. अट एकच घातली. गाडी नीट झाली की आपल्याला तीत बसवून वुडवर्ड रस्त्याने एक फेरी मारून आणावयाची.

वुडवर्ड हा डेट्रॉईटपासून पॉन्टियॅकपर्यंत जाणारा राजमार्ग. या रस्त्याच्या एका मैलावर १९०९ साली काँक्रीट घातले, आणि काँक्रीटच्या हमरस्त्याचा तो पहिला मैल मानतात. साठोत्तरीच्या काळात तरुण मंडळी रात्री याच रस्त्यावर मोटारींच्या शर्यती लावीत. १९९५ पासून दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तेथे जुन्या मोटारींची जत्रा भरते. म्हाताऱ्यांचे लग्न याच रस्त्यावरच्या भटकंतीतून जमले होते. पत्नी वारल्या. मोटार उरली.

आम्ही गेलो तेव्हा मुख्य काम संपले होते. ते काय होते हे चिरंजिवांनी आम्हांस छायाचित्रांवरून समजावून दिले. मोटारीचा वरचा सगळा सांगाडा सांगाड्याखालच्या चौकटीवरून उचलून वेगळा केला. गंजलेला पत्रा कापून नवा जोडला. विशेषतः मागच्या काचेखाली आणि डिकीच्या तळाशी गंजाने चाळण केली होती. इंजिन खोलून त्याची नळकांडी पुन्हा कातून घेतली. पूर्वी पेट्रोलात शिसे असे व ते व्हॉल्व्हच्या बैठका झिजू देत नसे. आता ते शिसे नाही, म्हणून कठीण पोलादाच्या बैठका बसविल्या. नव्या पेट्रोलात मद्यार्क मिसळतात, तो जुने रबर खातो, म्हणून सर्व नळ्या बदलल्या. विजेच्या तारांचा जुडगा नवा घातला. आणि मग प्रत्येक भागास, चौकटीस, इंजिनास, आतल्या न दिसणाऱ्या कोनाकोपऱ्यांस, दोन-दोन, तीन-तीन हात उत्तम रंग दिला.

एका भिंतीशी फळ्यांवर शेकडो लहान पिशव्या होत्या. प्रत्येकीत दोनचार नटबोल्ट, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक, क्रमांकाचे छायाचित्र वहीत चिकटविलेले. गाडी जुळून झाली होती तरी रिकाम्या पिशव्याही त्यांनी क्रमाने जपून ठेविल्या होत्या. आम्ही कौतुकाने म्हणालो, "एवढी शिस्त तुला कोणी लावली रे?" चिरंजीव पाना पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "अण्णा, घड्याळाच्या वेळी खुणा केल्या नव्हत्या. म्हणून जुळलं नाही."

वाचकहो, या एका वाक्याने आमच्या पायांखालची जमीन सरकली. अठ्ठावीस वर्षांत या घड्याळाचा उच्चार आमच्या घरात झाला नव्हता. आमच्या आजोबांच्या वेळचे, अमेरिकन बनावटीचे, लंबकाचे भिंतीवरचे घड्याळ. १९९६ सालच्या मे महिन्यात, आम्ही पेपर तपासण्यास गेलो असता, अकरा वर्षांच्या या मुलाने ते उतरवून, ओसरीवर पंचा अंथरून, चक्र न् चक्र सुटे केले. आम्ही परत आलो तेव्हा तो घामाने डबडबून ते जुळविण्याच्या खटपटीत होता. आम्ही काहीच विचारले नाही. छडी घेतली. किती मारल्या हे आम्हांस स्मरत नाही. त्याला स्मरत असेल. घड्याळाचे भाग एका बिस्किटांच्या डब्यात भरून माळ्यावर टाकले. तो मुलगा पुढे यंत्रशास्त्रच शिकला आणि यंत्रांच्या गावीच नोकरीस लागला. पण आमच्यादेखत त्याने कधी कोणते यंत्र उघडले नाही. सुटीत घरी आला की रेडिओ बिघडलेला असला तरी तो वर्तमानपत्र वाचीत बसे. आम्ही त्याला आळस समजत होतो!

त्या दिवशी आम्ही काही बोललो नाही. बोलावे तरी काय? शिक्षकाला चूक दाखविण्याचा सराव असतो, कबूल करण्याचा नसतो.

आता मोटारीकडे वळू. गाडी जुळली, सुरू झाली, धावू लागली. पण काही दुखणी हटेनात. ब्रेक दाबला की ती डावीकडे ओढ घेई. याचे कारण लवकर सापडले: उजव्या पुढच्या चाकातून ब्रेकचे तेल झिरपून पट्ट्यांना लागले होते, म्हणून ते चाक कमी धरी. पेट्रोलचा काटा टाकी रिकामी असो वा भरलेली, नेहमी 'पूर्ण'च्याही पलीकडे टेकलेला असे. त्याच्यावर विसंबून चिरंजीव एकदा भर रस्त्यात कोरडे पडले होते. वळणाचा दिवा लुकलुकू लागला की त्याच तालावर उष्णतेचा काटा नाचे. हेडलाईट मंद. आणि सर्वांत वाईट दुखणे असे की, सकाळी थंड असताना गाडी एका झटक्यात सुरू होई, परंतु तापल्यावर थांबविली आणि पंधरा-वीस मिनिटे गेली, की मग कितीही किल्ली फिरवा, ती हटून बसे. तास-दीड तासाने स्वतःच्या मर्जीने पुन्हा सुरू!

याच दुखण्याने जूनमध्ये घात केला. एका रविवारी चिरंजिवांनी म्हाताऱ्यांस मोटारीत बसवून वुडवर्डवर नेले. आम्ही मागच्या आसनावर होतो. म्हातारे खिडकीत कोपर टेकून, डोळे मिटून, नुसते इंजिन ऐकत होते. आइस्क्रीमच्या दुकानापाशी थांबलो. वीस मिनिटांनी निघावयाचे तो गाडी मुकी. पेट्रोलाच्या वासाने आणि उन्हाने जीव नकोसा झाला. दीड तास म्हातारे पदपथावरच्या कट्ट्यावर बसून होते. चेहरा लालबुंद झालेला. शेवटी त्यांची कन्या आपली मोटार घेऊन आली व त्यांना घेऊन गेली. जाताना तिने चिरंजिवांस शांतपणे सांगितले की, बाबांचे हृदय अशक्त आहे आणि या गाडीत ते पुन्हा बसणार नाहीत. म्हातारे एवढेच म्हणाले, "ती पूर्वी अशी नव्हती."

त्या रात्री चिरंजीव जेवले नाहीत. पुढच्या तीन आठवड्यांत त्यांनी पैशाकडे न पाहता उपाय केले. जाणत्यांचे मत असे पडले की, इंजिनाच्या उष्णतेने कार्बोरेटरातले पेट्रोल उकळते, हल्लीच्या मिश्र पेट्रोलाने तर लवकरच. म्हणून कार्बोरेटरखाली उष्णतारोधक जाड पट्टी बसविली. पेट्रोलच्या नळीस वेष्टण घातले. नवी बॅटरी आली. स्टार्टर, ज्याला आपल्याकडे 'सेल्फ' म्हणतात तो, एकदा नव्हे दोनदा बदलला. गाडी आपली तशीच.

एके दिवशी आम्ही न राहवून विचारले, "सुरू होत नाही म्हणजे नेमके काय होत नाही?" चिरंजीव किंचित त्रासून म्हणाले, "म्हणजे सुरू होत नाही, अण्णा." आम्ही म्हणालो, "हे एक क्रियापद झाले. पण किल्ली फिरविल्यावर आधी सेल्फ इंजिनास फिरवितो, आणि मग इंजिन पेट घेते, असेच ना? मग न फिरणे निराळे आणि फिरून पेट न घेणे निराळे. तू दोन्ही रोगांस एकच नाव दिले आहेस. पेट्रोल उकळत असेल तर ते फिरेल, पण पेटणार नाही. आइस्क्रीमच्या दुकानापाशी ते फिरले होते का?"

चिरंजीव स्तब्ध झाले. "नाही. नुसतं टक् असा आवाज आला होता. त्याआधी एकदोनदा फिरलं होतं, पेटलं नव्हतं... पण ते वसंतात."

आमच्या आयुष्यात व्याकरणाचा एवढा रोख उपयोग प्रथमच झाला. मग आम्ही एक शंभर पानी वही मागितली. तिला हजेरीपटाप्रमाणे रकाने आखले: दिनांक, बाहेरची उष्णता, किती मिनिटे धावली, किती मिनिटे थांबली, फिरली की नाही, पेटली की नाही, आणि शेवटी शेरा. तर्कशास्त्रात अन्वयव्यतिरेक म्हणून एक रीत आहे. एक गोष्ट असता दुसरी असते काय, आणि नसता नसते काय, हे चिकाटीने पाहात राहावयाचे. पाहणारा कंटाळला नाही म्हणजे झाले, आणि निवृत्त शिक्षकास कंटाळा येऊन भागत नाही. रोज संध्याकाळी चिरंजीव कचेरीतून आले की गाडी फिरवून आणीत. मग आम्ही घड्याळ लावून मोटारघरात बसू. शेजारचे म्हातारे काठी टेकीत येत आणि खुर्चीवर बसून ऐकत. कन्येने बसू नका असे सांगितले होते, ऐकू नका असे नव्हे! ते आम्हांस 'टीचर' म्हणत. आमचे तोडके इंग्रजी आणि त्यांची अधू दृष्टी यांची गट्टी चांगली जमली.

तेवीस नोंदी झाल्या. एक गोष्ट स्वच्छ दिसली. कार्बोरेटरखाली पट्टी घातल्यापासून 'फिरली पण पेटली नाही' अशी नोंद एकही नव्हती. तो रोग खरोखर होता आणि तो गेला होता. उरला होता तो 'फिरली नाही' हा दुसरा, आणि त्याचा पेट्रोलशी काडीमात्र संबंध नव्हता. म्हाताऱ्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या कानांना असे वाटत होते की, गाडी थंड असतानाही सेल्फचा आवाज मूळच्यापेक्षा जड आहे, ओझे घेऊन जिना चढणाऱ्या माणसासारखा. म्हणजे रोग सदाचाच होता; उष्णता त्याला केवळ उघडा पाडीत होती.

येथे थोडे विजेविषयी सांगितले पाहिजे. आम्हांस ते तेव्हाच कळले, म्हणून सांगण्याची हौस आहे. घरात दिव्याला दोन तारा जातात, एक येण्याची व एक परतीची. मोटारीत येण्याची तार असते. परतीचा मार्ग म्हणजे मोटारीचे लोखंड. बॅटरीचे ऋण टोक जाड तारेने इंजिनास जोडलेले असते. पण इंजिन रबरी गाद्यांवर बसलेले, वरचा सांगाडाही चौकटीवर रबरी गाद्यांवरच बसलेला. तेव्हा ही तीन लोखंडे एकमेकांस भेटतात ती फक्त विणलेल्या तांब्याच्या काही पट्ट्यांमधून आणि त्यांच्या बोल्टांखालच्या रुपयाएवढ्या जागेतून. आपले मिस्त्री याला 'अर्थ' म्हणतात. तेथे धातूस धातू लागला नाही तर वीज परतणार कोठून?

जुलैच्या अखेरच्या शनिवारी चिरंजिवांनी व्होल्ट मोजण्याचे यंत्र काढले. गाडी तापवून वीस मिनिटे उभी केली. यंत्राचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर, दुसरे इंजिनाच्या ठोकळ्यावर. "अण्णा, किल्ली फिरवा." मोटारीची किल्ली आम्ही जन्मात प्रथम हाती धरली. टक् झाले. या दोन ठिकाणांत वास्तविक फरकच असू नये. फार तर अर्ध्या व्होल्टाच्या आत असावा. यंत्राने दोनाच्या वर दाखविला. चिरंजीव खाली वाकले, जाड तारेचा बोल्ट सोडविला, आणि विजेरी पाडून आम्हांस म्हणाले, "बघा."

बोल्टाखाली सुरेख, तुकतुकीत, फिकट निळा रंग होता. पॉन्टियॅकच्या त्या वेळच्या इंजिनांचा तोच अस्सल रंग, मोठ्या कष्टाने मिळविलेला, न दिसणाऱ्या जागीही तीन हात दिलेला. त्या रंगामुळे वीज अडली होती. जो काही प्रवाह जात होता तो बोल्टाच्या आट्यांमधून कसाबसा जात होता. थंडपणी तेवढ्यावर भागे. तापल्यावर सेल्फच्या तांब्याचा विरोध वाढे, आणि मग भागत नसे. पुढे पाहिले तर सांगाड्यास इंजिनाशी जोडणारी पट्टी रंगावर, दिव्यांचा बोल्ट रंगावर, पेट्रोलच्या टाकीचा बोल्ट रंगावर! टाकीतल्या मापकाचा परतीचा मार्गच तुटला म्हणजे या जातीच्या मोटारीचा काटा 'पूर्ण' दाखवितो. जुन्या गंजक्या गाडीत हा विकार नव्हता. म्हातारे म्हणाले ते अक्षरशः खरे होते.

रंग खरवडण्याचे काम आम्ही मागून घेतले. सौभाग्यवती दारात येऊन म्हणाल्या, "चष्मा सांभाळा." पॉलिशपेपर बोटाला गुंडाळून आम्ही एकेक जागा लोखंड चकाकेपर्यंत घासली, चिरंजिवांनी दातेरी वॉशर घालून पट्ट्या घट्ट केल्या. टाकीची तार जोडली तेव्हा काटा झरझर खाली आला आणि पावाच्या खुणेवर थांबला. सूनबाईंनी लगेच विचारले, "म्हणजे एवढे दिवस आपण रिकाम्या टाकीवर फिरत होतो?"

त्या रात्री वहीत चोविसावी नोंद केली: धावली ४० मिनिटे, थांबली २०, फिरली, पेटली. शेऱ्याचा रकाना मोकळा होता. आम्ही बराच वेळ लेखणी धरून बसलो. तोंडाने जे अठ्ठावीस वर्षे जमले नाही ते त्या रकान्यात लिहिले: "घड्याळाचे बाबतीत दिलेली शिक्षा अयोग्य होती." वही त्यांच्या पिशव्यांच्या फळीवर ठेविली आणि जाऊन निजलो. झोप अर्थातच आली नाही.

दुसऱ्या दिवशी वही जागेवरच होती. शेऱ्याखाली, आमच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकात पालक करतात तशी, "वाचले" असे लिहून चिरंजिवांनी सही केली होती. त्यावर आमचे बोलणे झाले नाही. चहाच्या वेळी त्यांनी एवढेच विचारले, "डबा आहे अजून माळ्यावर?"

म्हाताऱ्यांच्या कन्येची समजूत घालणे हे पुढचे काम. वही तिच्यापुढे ठेविली. ती परिचारिका आहे. तक्त्यांची तिला सवय. चोवीसपासून चाळीसपर्यंतच्या नोंदींवर तिने बोट फिरविले आणि म्हणाली, जत्रेच्या शनिवारी नाही, त्या गर्दीत मुळीच नाही. आधीच्या मंगळवारी, ऊन उतरल्यावर, आणि मी मागे बसेन.

त्याप्रमाणे १३ ऑगस्टला संध्याकाळी निघालो. जत्रा चार दिवसांवर होती तरी वुडवर्डवर जुन्या मोटारींची वर्दळ सुरू झाली होती, आणि लोक रस्त्याकडेला घडीच्या खुर्च्या मांडून बसले होते. कोणी हात केला की कन्या सांगे, "बाबा, डावीकडे हात करा," आणि म्हातारे करीत. पॉन्टियॅक गावापर्यंत गेलो. परतताना चिरंजिवांनी मुद्दाम त्याच आइस्क्रीमच्या दुकानापाशी गाडी उभी केली व किल्ली काढून घेतली. आम्ही घड्याळाकडे पाहिले. आइस्क्रीम कशाचे होते हे आम्हांस आता सांगता येणार नाही. वीस मिनिटे झाली. सगळे आत बसले. चिरंजिवांनी किल्ली म्हाताऱ्यांच्या हाती दिली; चाचपडत त्यांनी ती भोकात घातली, पण लगेच फिरविली नाही.

फिरविली तेव्हा पहिल्याच झटक्यास ते आठही सिलिंडर गर्जून उठले. म्हाताऱ्यांनी डोके मागे टेकले. घरी पोहोचेपर्यंत कोणी काही बोलले नाही. त्या आवाजात बोलणे ऐकूही येत नाही.

एक दुखणे मात्र अद्याप आहे. इंजिनाच्या मागच्या टोकाशी, दोरीसारख्या वळाच्या सीलमधून, तेलाचा थेंब गळतो. या इंजिनांची ती जन्मखोडच आहे असे म्हणतात. काढावयाचे तर इंजिन पुन्हा उतरवावे लागेल. सौभाग्यवतींनी भारतातून नेलेली एक परात तूर्त तेथे खाली ठेविली आहे, आणि तिचे काय करावयाचे यावरून सासूसुनांत बरेच दिवस चर्चा चालू होती.

ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही परत आलो. दुसऱ्याच दिवशी माळ्यावरून डबा काढविला, भाग पंचावर मांडले, प्रत्येकास चिठ्ठी लावली आणि छायाचित्रे पाठविली. एकंदर एकोणचाळीस निघाले. चिरंजिवांचे म्हणणे असे की चाळीस हवेत. ठोक्यांची लहान स्प्रिंग दिसत नाही. आम्ही ती ओसरीच्या फटींत शोधीत आहोत.